चॉकलेटसोबतची वाईन गोडच हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाईन आणि चॉकलेटच्या जोडीवर लेख आला होता, त्यात डार्क चॉकलेट आणि ड्राय, म्हणजे जवळजवळ अगोड, रेड वाईन ही एकमेकांसाठीच बनलेली जोडी आहे अशा अर्थाचं एक वाक्य होतं, आणि तेवढ्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितेय. लेख बाकी चांगला होता, फोटोही सुंदर. पण तो वाचायच्या आठच दिवस आधी आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि माझी थोरली बहीण, एका वाईनरीच्या टेस्टिंग रूममध्ये चॉकलेट पेअरिंगलाच जाऊन आलो होतो आणि तिथे नेमक्या ह्याच समजुतीमुळे ताईचा पार हिरमोड झाला. म्हणून म्हटलं, जे झालं ते सविस्तर लिहून कळवावं, कारण तुमचा लेख वाचून बरेच जण असं पेअरिंग करायला जातील आणि त्यांच्यातही कुणीतरी ताईसारखं असेलच.

खोली छान होती. लांब लाकडी टेबल, प्रत्येकासमोर जाड कागद, कागदावर पाच गोल छापलेले, गोलांवर पाच ग्लास आणि प्रत्येक ग्लासपुढे चॉकलेटचा एक चौकोनी तुकडा. व्हाईट, मिल्क, मग ५५ टक्के कोकोचं, ७० टक्के आणि शेवटी ८५ टक्के. वाईन म्हणाल तर एक ब्रूट स्पार्कलिंग म्हणजे अगोड फसफसणारी, एक व्हाईट, एक गुलाबी रोझे आणि दोन रेड, पाचही ड्राय. आम्ही तिघंही उत्साहात होतो, ताई तर जास्तच, कारण तिला चॉकलेट जीव की प्राण आणि वाईन तिने आयुष्यात चारपाच वेळाच घेतलेली, त्यामुळे काहीतरी नवीन शिकायला मिळणार म्हणून ती वही सुद्धा घेऊन आली होती.

पहिल्याच जोडीला ती थबकली. व्हाईट चॉकलेट खाल्लं, वर स्पार्कलिंगचा घोट घेतला आणि तिने डोळेच मिटून घेतले, लिंबू चावल्यासारखं झालं म्हणाली. मलाही तसंच झालं होतं पण मी गप्प बसले. पुढच्या दोन जोड्या बऱ्यावाईट अशाच गेल्या. मग आलं ७० टक्क्यांचं डार्क आणि त्याच्यासोबत त्यांची सगळ्यात नावाजलेली ड्राय रेड, जिच्यासाठी लोक लांबून येतात असं त्यांनी सांगितलं. आता ती रेड नुसती प्यायलो तेव्हा खरंच मस्त होती, पिकलेल्या काळ्या फळांसारखी, भरलेली. चॉकलेट नुसतं खाल्लं तेव्हा तेही छान. पण दोन्ही एकत्र आली आणि तोंड कोरडं पडलं, जीभ खरखरीत झाली, वाईनमधलं फळ कुठे गेलं ते कळेना आणि मागे उरलं ते नुसतं कडवट काहीतरी आणि घशाला लागलेलं अल्कोहोल. ताई म्हणाली, "अहो, ही आता कडू का लागतेय? मघाशी तर चांगली होती." त्यावर जे गृहस्थ आम्हाला सगळं समजावून सांगत होते ते हसून म्हणाले, "मॅडम, ही चव डेव्हलप व्हावी लागते, दोनतीन वेळा आलात की कळायला लागेल."

ताई गप्प झाली आणि तिने वही मिटली. मला ते इतकं लागलं ना, कारण चाळीस वर्षं स्वयंपाकघरात काढलेली बाई आहे ती, नुसत्या वासावरून ती सांगते भाजीत मीठ पडलंय की नाही, आणि तिला कुणीतरी सांगत होतं की तुझी जीभ अजून तयार नाही. बरं, ते गृहस्थ उद्धट नव्हते, मनापासूनच बोलत होते, त्यांनाही कुणीतरी तेच शिकवलं असणार.

आणि मग जे झालं त्यामुळेच खरं तर हे पत्र आहे. तिथे वाढायला एक मुलगी होती, विशीबाविशीची असेल, तिने हे ऐकलं होतं. ती आत गेली आणि एका छोट्या ग्लासात गडद लालसर काळी वाईन घेऊन आली, घोट दीड घोटच असेल, आणि ताईपुढे ठेवून हळूच म्हणाली, "काकू, ही यादीत नाहीये पण तोच तुकडा परत ह्याच्यासोबत घेऊन बघा." ताईने चॉकलेट तोंडात विरघळू दिलं, घोट घेतला आणि काही सेकंद काही बोललीच नाही, मग ग्लास माझ्याकडे सरकवला. मी घेतला. काय सांगू, तेच चॉकलेट, तोच ७० टक्क्यांचा तुकडा, पण आता त्यातून मनुका, सुकं अंजीर, भाजलेल्या कॉफीचा वास असं एकेक वर येत होतं आणि वाईनही खुलत होती, कुणी कुणाला मारत नव्हतं. ताईने विचारलं हे असं कसं काय, तर ती मुलगी म्हणाली, "ही गोड आहे ना, म्हणून."

संपादक महोदय, पाच ग्लास आणि दीड तासाच्या माहितीत जे कुणी सांगितलं नाही ते त्या मुलीने चार शब्दांत सांगितलं. वाईन निदान चॉकलेटइतकी तरी गोड लागली पाहिजे. जगभरात वाईन शिकवणारे गोड पदार्थांच्या बाबतीत हाच पहिला नियम सांगतात, त्यात काही गुपित नाही, मग चॉकलेटचं नाव आलं की तो का विसरला जातो हेच मला कळत नाही.

ह्यामागचं कारण आपल्या सगळ्यांच्या रोजच्या अनुभवातलं आहे. गोड खाल्ल्यावर चहा प्यायलात तर चहा अगोड लागतो. चहात साखर तेवढीच असते, पण जीभ आधीच्या गोडाला सरावलेली असते, त्यामुळे नंतरचा कमी गोड तिला जाणवतच नाही, आणि गोडाचं पांघरूण गेलं की खाली जे असेल ते उघडं पडतं. वाईनमध्ये खाली असतो आंबटपणा, कडवटपणा, टॅनिन नावाच्या द्रव्यांचा तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ. ताईला तेच लागलं. तिने जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं, वाईन त्या क्षणी खरंच कडू लागत होती.

आकडे बघितले तर आणखी स्पष्ट होतं. चॉकलेटवरचे ७० टक्के म्हणजे कोकोच्या बियांमधून आलेला एकूण भाग, कोको बटर धरून, आणि उरलेले ३० टक्के म्हणजे जवळजवळ सगळी साखर. म्हणजे १०० ग्रॅमच्या बारमध्ये साधारण ३० ग्रॅम साखर, आणि आपण त्याला डार्क म्हणतो म्हणून ते गोड नाही असं समजतो. मिल्क आणि व्हाईटमध्ये तर बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास साखर असते. आता समोरची वाईन बघा. युरोपियन युनियनच्या नियमात ड्राय वाईन म्हणजे लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर, आंबटपणा पुरेसा असेल तर ९ पर्यंत चालते. ब्रूट स्पार्कलिंगला लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी. एका बाजूला किलोमागे ३०० ते ५०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला लिटरमागे ४ ग्रॅम, ह्या सामन्यात वाईन टिकणार कशी!

त्यात तुरटाचा वेगळा गोंधळ. आपल्या मराठीत कडू आणि तुरट ह्यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत हे किती चांगलं आहे, कारण त्या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. कडू ही चव आहे. तुरट म्हणजे कच्चं केळं चावल्यावर गालाच्या आतली कातडी ओढल्यासारखी होते ते, ती खरं तर स्पर्शाची जाणीव आहे. लाळेमध्ये काही प्रोटीन असतात जी तोंड बुळबुळीत ठेवतात, टॅनिन त्यांना धरून बसतं, मग तो बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. रेड वाईनमध्ये हे टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांमधून येतं. आणि कोकोच्या बीमध्येही त्याच कुळातली द्रव्यं भरपूर असतात, म्हणजे ज्याला आपण समोरासमोर बसवतोय ते दोघंही तुरट, त्यामुळे एकाने दुसऱ्याला शांत करायचा प्रश्नच येत नाही, तुरटावर तुरट चढतं.

आम्हाला तिथे असंही सांगण्यात आलं की रेड वाईन चीजसोबत चालते तर चॉकलेटसोबत का नाही चालणार, दोन्हींत फॅट असतंच. ऐकायला पटतं. पण चीजमध्ये प्रोटीन असतं ज्याला टॅनिन चिकटतं आणि लाळेतलं प्रोटीन वाचतं, चीजमध्ये मीठ असतं जे कडवटपणा दाबतं, आणि मुख्य म्हणजे चीजमध्ये साखर नसते. चॉकलेटमध्ये ह्यातलं मीठ नाही, प्रोटीन तुलनेने कमी आणि साखर मात्र भरपूर. फॅट आहे हे खरं, पण ते फॅट वेगळं वागतं. कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासं खाली, म्हणून तर चॉकलेट हातात घट्ट असतं आणि तोंडात पाणी होतं. ते वितळून जिभेवर एक थर धरतं आणि त्या थरासोबत गोडही बराच वेळ जिभेवर राहतं, मग वरून येणारी वाईन त्या गोडाशी टक्कर घेतच आत जाते.

ह्याच ठिकाणी आमच्याकडे आणखी एक घोटाळा झाला होता. चॉकलेट थेट फ्रीजमधून काढून ठेवलेलं होतं, वर बारीक पाण्याचे थेंब दिसत होते. इतकं गार चॉकलेट तोंडात वितळायला वेळ लागतो, वास तर अडकूनच राहतो, मग माणूस ते चावून गिळतो आणि चव लागायच्या आत संपलेलं असतं. चॉकलेट अर्धा पाऊण तास आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला, १८ ते २० अंशाला येऊ द्यायचं, एवढी एकच गोष्ट केली तरी अर्धं काम होतं. ह्याला ना खर्च ना मेहनत.

आता गोड वाईन म्हटलं की काही लोक नाक मुरडतात, गोड म्हणजे हलकी, नवशिक्यांची, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. हे अगदीच अन्यायाचं आहे. ताईने प्यायली ती फोर्टिफाईड, म्हणजे मधेच स्पिरिट घातलेल्या प्रकारची होती, पोर्ट ज्या पद्धतीने करतात तशी. पोर्ट मूळची पोर्तुगालच्या दोउरो नदीच्या खोऱ्यातली, आणि तो प्रदेश १७५६ सालीच तिथले मंत्री मार्किस ऑफ पोम्बाल ह्यांच्या काळात आखून दिला गेला होता, म्हणजे कायद्याने सीमा ठरवून दिलेल्या जगातल्या सगळ्यात जुन्या वाईन प्रदेशांत त्याची गणना होते. पद्धत अशी, की द्राक्षाचा रस आंबायला लागतो, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत असतं, आणि निम्मी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्के तीव्रतेचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट जगत नाही, आंबणं तिथेच थांबतं आणि द्राक्षाची स्वतःची साखर वाईनमध्ये राहून जाते, लिटरला साधारण १०० ग्रॅम, आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्के. म्हणजे ती गोडी वरून घातलेली नाही, द्राक्षाचीच आहे.

इथे कुणी म्हणेल की १०० ग्रॅम म्हणजे तरी चॉकलेटच्या ३०० पेक्षा कमीच झाली, मग जुळते कशी. मलाही हा प्रश्न पडला होता. पण आकडा आकड्याशी जुळायची गरज नसते, जिभेला काय लागतं ते महत्त्वाचं, आणि डार्क चॉकलेटमधली बरीचशी साखर कोकोच्या कडूपणाला झाकण्यातच खर्च होते, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा खूपच कमी गोड लागतं. पोर्टमध्ये फळ आहे, दाटपणा आहे, अल्कोहोलही भक्कम आहे, सगळं मिळून ती चॉकलेटसमोर उभी राहते.

आणि एकट्या पोर्टवर कशाला अडून बसायचं. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला स्पेनच्या सीमेजवळ बान्यूल्स आणि मोरी ह्या गोड वाईन आहेत, ग्रनाश द्राक्षापासून जवळपास ह्याच पद्धतीने केलेल्या, आणि चॉकलेटसोबत काय घ्यावं असं जाणकारांना विचारलं तर बान्यूल्सचं नाव बहुतेक जण पहिल्या दोनतीनात घेतात. स्पेनच्या हेरेथ भागातली पेद्रो हिमेनेथ तर द्राक्षं उन्हात वाळवून करतात, साखर लिटरला किमान २१२ ग्रॅम असावी लागते आणि बाटल्यांमध्ये ती ३०० च्याही वर जाते, काकवीसारखी दाट, काळी, मनुकांच्या अर्कासारखी, ८५ टक्क्यांच्या कडू चॉकलेटला तोड द्यायला तीच. पोर्टमध्येही दोन वळणं आहेत, रूबी किंवा लेट बॉटल्ड व्हिंटेज घेतली तर लाल काळ्या फळांची चव राहते, ती डार्कसाठी, आणि टॉनी म्हणजे लाकडी पिंपात वर्षानुवर्षं हवा लागून तांबूस झालेली, अक्रोड आणि जळक्या साखरेच्या वासाची, ती मिल्क चॉकलेट किंवा सुक्या मेव्याच्या चॉकलेटसोबत. ज्यांना एवढं जड नको त्यांच्यासाठी इटलीच्या पिएमाँतमधली ब्राकेत्तो दाक्वी आहे, गोड, फसफसणारी, लाल, स्ट्रॉबेरीच्या वासाची आणि अल्कोहोल अगदी कमी. तिथलीच मोस्कातो दास्ती व्हाईट चॉकलेटसोबत छान जाते, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. ताईला पहिल्याच जोडीत ब्रूटच्या ऐवजी ही दिली असती तर वही मिटायची वेळच आली नसती.

मी असं म्हणत नाहीये की ड्राय रेड आणि डार्क चॉकलेट कुणीच एकत्र घेऊ नये. ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल घ्यावं, माझ्या नवऱ्याला त्यांची दुसरी रेड डार्कसोबत बरी वाटली, ती जरा मऊ आणि पिकलेल्या फळांची होती, टॅनिन कमी होतं. आवड ज्याची त्याची. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला आवडत नाही त्याला तू कच्चा आहेस असं सांगू नका, कारण जे त्याला लागतंय त्यामागे सरळ साधं कारण आहे. आणि लेखात सुद्धा "बनलेलीच जोडी" असं ठोकून लिहू नका, निदान वाचकाला कळू द्या की न आवडणं ह्यात काही चूक नाही.

मला टेस्टिंग रूमबद्दल अजून एक सांगायचंय, ते चॉकलेटच्या बाजूने. वाईनबद्दल आम्हाला सगळं सांगितलं, कुठला मळा, कुठलं वर्ष, किती महिने लाकडात, पण चॉकलेटबद्दल कागदावर फक्त टक्के. कोको कुठल्या देशातला, कुणी केलं, काहीच नाही. जसं काही चॉकलेट म्हणजे सगळं एकच. पण मादागास्करचा कोको चाखलात तर त्यात लाल फळांसारखी आंबूस चव लागते, एक्वादोरच्या नासिओनाल जातीच्या कोकोत फुलांसारखा वास येतो, आणि घानाच्या कोकोत ती ओळखीची भरीव चॉकलेटी चव, त्यामुळे तिन्ही ७० टक्के असले तरी तिघांना वाईन वेगवेगळी लागणार. शिवाय त्या ७० मध्ये कोको बटर किती आणि बाकीचा कोको किती हे प्रत्येक बनवणाऱ्याचं वेगळं असतं, म्हणून सारखाच आकडा छापलेले दोन बार कडूपणात अजिबात सारखे नसतात.

आणि ह्यात एक गोष्ट मला इतकी सुंदर वाटते की ती प्रत्येक टेस्टिंग रूममध्ये पहिल्यांदा सांगायला हवी. कोकोची बी झाडावरून काढली तेव्हा तिला चॉकलेटचा वास नसतोच. फळ फोडून पांढऱ्या गोडसर गरासकट बिया काढतात आणि पाचसात दिवस केळीच्या पानांखाली ढीग करून किंवा लाकडी पेट्यांमध्ये आंबवतात. तिथे यीस्ट येतं, गरातली साखर खातं, तिचं अल्कोहोल करतं. मग जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड करतात, ढीग तापतो, बी आतून मरते आणि तिच्यात ते सगळे बदल सुरू होतात ज्यातून पुढे भाजल्यावर चॉकलेटचा वास येतो. म्हणजे द्राक्ष आणि कोको दोघंही त्याच यीस्टच्या हातून गेलेले असतात! एक पिंपात आंबला, एक पानांखाली. हे ऐकून माणूस त्या तुकड्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो, मी तरी बघते आता.

शब्दांचंही तसंच. कागदावर आमच्यासाठी शब्द आधीच छापलेले होते, एलिगंट, कॉम्प्लेक्स, वेल बॅलन्स्ड. ह्यातून काय समजायचं? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात ॲन नोबल ह्यांनी १९८० च्या दशकात वाईनच्या वासांचं एक चक्र तयार केलं, त्यात त्यांनी असले मोघम शब्द मुद्दाम ठेवले नाहीत, फळांचा, फुलांचा, लाकडाचा, मातीचा असे जे वास आपण खरोखर ओळखतो तेच घेतले, कारण एलिगंट कशाला म्हणायचं हे दोन माणसं सारखं सांगू शकत नाहीत पण लवंगेचा वास दोघांनाही कळतो. ताईने तिच्या वहीत पहिल्या अर्ध्या तासात जे लिहिलं होतं ते मी घरी येऊन वाचलं, करपट, खमंग, धुरकट, ओल्या लाकडासारखं, आंबूस पण टोचत नाही असं. मला सांगा, ह्याहून चांगलं वर्णन कुठलं असणार? छापील शब्द पुढे ठेवण्यापेक्षा कोरा कागद द्या आणि लोकांना आपापल्या भाषेत लिहू द्या.

थोडं प्रमाणाबद्दल. वाईन चाखायच्या ग्लासचं एक आंतरराष्ट्रीय माप १९७७ पासून ठरलेलं आहे, छोटा, वर निमुळता होत गेलेला ग्लास, त्यात ५० मिली ओतायचं. पाच ग्लासांत ५० मिली धरलं तर २५० मिली झाली, १३ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक स्टँडर्ड ड्रिंक धरतात त्या मापाने अडीच ड्रिंक, आणि तेही चॉकलेटसोबत गप्पा मारता मारता, पोटात दुसरं काही नसताना. आमच्या टेबलावर थुंकायचं भांडं होतं पण ते वापरायचं असतं हे कुणी सांगितलं नाही, आणि न सांगता चारचौघांत कोण थुंकणार? वाईनवाले लोक स्वतः रोज तसंच चाखतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त सुरुवातीला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं आणि करून दाखवायला हवं. पाणी आणि बिनामिठाचा साधा पाव सुद्धा मागितल्यावर मिळाला. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने तर नुसतं चॉकलेट खावं, आम्ही येताना टॅक्सीच केली.

तिथे शेवटी असंही ऐकवलं गेलं की दोन्हींत अँटिऑक्सिडंट असतात, हृदयाला चांगलं. कृपा करून हे तरी सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की अल्कोहोलचं असं कुठलंही प्रमाण नाही ज्याला आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येईल. आपण चवीसाठी जातो, चवीसाठी थोडंसं घेतो, तेवढं पुरे आहे, त्याला औषध म्हणायची गरज नाही.

आता एवढं सगळं लिहिल्यावर तुम्हाला एक विनंती. पुरवणीत परत कधी हा विषय घ्याल तेव्हा एक छोटा प्रयोग छापा जो कुणालाही घरी करता येतो. एकाच डार्क चॉकलेटचे दोन तुकडे, एक ड्राय रेड आणि एक गोड फोर्टिफाईड रेड, दोन्ही थोडी थोडी. आधी दोन्ही वाईन नुसत्या चाखायच्या, पाणी प्यायचं, मग चॉकलेट न चावता जिभेवर वितळू द्यायचं आणि पूर्ण वितळायच्या आत घोट घ्यायचा, एकदा हिच्यासोबत, पाणी पिऊन थांबायचं, मग तिच्यासोबत. दहा मिनिटं लागतात. ज्याला जे आवडेल ते आवडेल, पण फरक काय आहे हे प्रत्येकाला स्वतःच्या तोंडात कळेल, कुणी सांगायची गरज पडणार नाही.

ताईला घेऊन मी पुढच्या महिन्यात परत जातेय, दुसऱ्या एका टेस्टिंग रूममध्ये. ह्या वेळी आधी फोन करून विचारलं की चॉकलेटसोबत गोड वाईन देता का आणि चॉकलेट फ्रीजमधून काढून थेट वाढता का. पलीकडच्या बाईंनी दोन्ही प्रश्न नीट ऐकून घेतले, म्हणाल्या चारपैकी तीन जोड्या गोडच आहेत आणि चॉकलेट सकाळीच बाहेर काढून ठेवतो. ताईने वही परत पर्समध्ये टाकलीये.

आपली,
एक नियमित वाचक